सिनेमातली जागा प्रत्यक्ष पाहिलीत? तुमचा अनुभव सांगा

‘स्वदेस’ २००४ च्या डिसेंबरात आला, तेव्हा माझा भाऊ नुकताच अमेरिकेला गेला होता. आई-बाबांनी तो थिएटरात दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा परतताना रिक्षात कुणी अवाक्षर काढलं नाही. त्यातलं चरणपूर म्हणजे आपल्या वाईजवळची मेणवली, हे बाबांना बऱ्याच वर्षांनी कळलं. मग ‘एकदा जाऊन येऊ’ सुरू झालं, ते राहूनच गेलं. आई गेल्यावर आम्ही दोघं गेलो.

वाईहून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांच्या वाड्यामागून घाटावर उतरलो. कृष्णेला पाणी बेताचंच होतं. दोन बायका गोधड्या धूत होत्या. बाबांनी चपला काढल्या, पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले. “तुझी आई म्हणायची, त्या घाटावर बसून पिठलं-भाकरी खायची,” एवढंच बोलले. डबा नेला नव्हता, याची मला अजून रुखरुख आहे.

मेणेश्वराच्या देवळापाशी एक मोठी घंटा आहे, तिच्याबद्दल मला काहीच ठाऊक नव्हतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन आले, त्यातली ही एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. सिनेमासाठी गेलो होतो, पण बाबा सर्वात जास्त वेळ रेंगाळले ते त्या घंटेपाशी.

तुम्हीही कुणी आवडत्या सिनेमाच्या जागी मुद्दाम वाट वाकडी करून गेला असाल, तर लिहा. फोटो नसले तरी चालतील. तिथे काय सापडलं, काय नव्हतं आणि सोबत कोण होतं, ते वाचायला आवडेल.

*

मी बंगळुरात असतो. यवतमाळहून काका आले होते. ‘शोले’ लागला तेव्हा, १९७५ साली, ते कॉलेजात होते. त्याच्या संवादांची रेकॉर्ड त्यांनी इतकी वाजवली की घरातल्या सगळ्यांना ते पाठ झाले. त्यांना रामगढ बघायचं होतं. ठाकूरचं घर, पाण्याची टाकी, मशीद, सगळं.

मैसूर रस्त्यावर पन्नासेक किलोमीटरवर रामनगर आहे. गाडीतच त्यांना सांगावं लागलं की ते गाव कधी नव्हतंच. राम येडेकर या आपल्या कलादिग्दर्शकाने उघड्या माळावर अख्खी वस्ती उभारली आणि काम झाल्यावर ती काढून टाकली. काका “असं होय” म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

पण दगड आहेत! रामदेवर बेट्टाच्या पायथ्याशी उतरलो आणि समोरचे ते प्रचंड काळे-करडे कातळ बघून काका चालता चालता थबकले. गब्बरचा अड्डा कुठे, हे त्यांना सांगावं लागलं नाही. वरच्या राममंदिराकडे पायऱ्या जातात. गुडघे दुखत असतानाही थांबत थांबत ते चढले.

अर्ध्या वाटेवर त्यांनी माझा दंड धरला. वर कड्यापाशी एक गिधाड घिरट्या घालत होतं. हा डोंगर २०१२ पासून गिधाडांसाठी राखीव आहे, हे मला तिथली पाटी वाचेपर्यंत माहीत नव्हतं. काकांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. पुढे जनावरांना डायक्लोफिनॅक देऊ लागले. ते औषध दिलेली ढोरं खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी व्हायचे आणि बघता बघता आकाश रिकामं झालं. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण यवतमाळकडे काकांना त्यानंतर एकही दिसलं नव्हतं. ते तिथेच दगडावर बसले आणि मान दुखेपर्यंत वर बघत राहिले.

घरी गेल्यावर काकूंना फोनवर त्यांनी आधी गिधाडाचंच सांगितलं.

*

आमचं अगदी छोटं आहे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या शेवटी जे पंजाबातलं स्टेशन दिसतं, ते आपलं रायगडातलं आपटा. पनवेलहून रोह्याकडे जाताना लागतं. मी लहानपणापासून त्याच मार्गाने आजोळी जायचे आणि सिनेमा पाहताना ओळखलं नाही! लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला यांनी कुठे नेतोय ते सांगितलं नाही, नुसती पनवेलहून दोन तिकिटं काढली. आपट्याला उतरलो, फलाटावर तासभर बसलो, डोंगर बघितले, घरून नेलेल्या तिळाच्या वड्या खाल्ल्या. परतीची गाडी आली तेव्हा ती पुरती थांबल्यावर हे आधी चढले आणि वळून हात पुढे केला. पंचवीस वर्षांत मला मिळालेली ही सर्वात सुंदर भेट.

*

सासवडचा पुरंदरे वाडा, ‘तुंबाड’साठी. पडद्यावर तिथे सतत पाऊस कोसळतो, आम्ही गेलो तेव्हा रणरणतं ऊन होतं. भिंतीतून पिंपळ उगवलेत. तरी त्या दरवाजाखाली उभं राहिल्यावर पोटात गोळा आला. एकच कळकळीची विनंती: तिथल्या दगडांवर नावं कोरू नका. जुनी वास्तू आहे ती, सिनेमाच्या कितीतरी आधीची.

*

मी निवृत्त संगीतशिक्षिका. शाळेत सरगम शिकवायला सुरुवात करायचे, ती ‘साउंड ऑफ म्युझिक’मधल्या ‘डो-रे-मी’ने. मुलगी म्युनिकला असते, तिने साल्झबुर्गला नेलं. मिराबेल बागेतल्या पायऱ्या तशाच आहेत. तिथे मी आरोह गुणगुणले, आणि शेजारच्या कोरियन बाईंनी न विचारता अवरोह पूर्ण केला. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती.

सिनेमातला तो काचेचा छोटा मंडप आता हेलब्रुनच्या राजवाड्याच्या बागेत आहे, दाराला कुलूप असतं. आतला नाच मुळात हॉलिवूडच्या स्टुडिओत चित्रित झाला होता. ज्यांच्याकडे उतरलो, त्या आजींनी सिनेमा पाहिलाच नव्हता. त्या देशात तो कधी चाललाच नाही म्हणे. मला नवल वाटलं, पण त्यांनीच सांगितलं म्हणून पहाटे नॉनबर्गच्या मठात गेलो. सिनेमातल्या मारियाचा मठ तोच, आणि तिथे आजही जोगिणी राहतात. अंधारात मागच्या बाकावर बसलो. वरून त्यांचं गाणं आलं, कुठलंही वाद्य नाही, सगळ्यांचा एकच स्वर. चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आले, ‘एका सुरात म्हणा’. ते कसं असतं, ते त्या पहाटे ऐकलं.

*

मी उलट बाजूनं लिहितो. आमच्या करमाळा तालुक्यात ‘सैराट’चं शूटिंग झालं. २०१६ ला पिक्चर आला आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या सुरू झाल्या. लोक विचारायचे, आर्चीचं घर कुठंय? सुरुवातीला गंमत वाटली, मग कंटाळा आला. पण एकदा लातूरकडची एक जोडी आली. घरच्यांनी तोडलंय म्हणाले, जास्त काही बोलले नाहीत. आईनं त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. जाताना पोरीची ओटी भरली आणि मला म्हणाली, फाट्यापर्यंत सोडून ये.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी स्वतः बरोबर जातो. कमलाभवानीचं देऊळ दाखवतो, ९६ खांबांचं. समोरची ९६ पायऱ्यांची बारव दाखवतो. यायचं असेल तर थंडीत या. उजनीच्या पाण्यावर तेव्हा रोहित पक्षी उतरलेले असतात, आणि शेंगाची चटणी आमच्याकडं बाराही महिने असते.