ऊसतोड कामगारांच्या लेकरांना दाखवण्यासारखे आशियाई सिनेमे सांगा

केजचे गुरुजी

नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. आमच्याकडं दिवाळी झाली की टोळ्या निघतात. आई-बाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, नाहीतर कर्नाटकात. मागं राहिलेली लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी. दिवस मावळला की ही लेकरं फार गप्प होतात. म्हणून शनिवारी रात्री शाळेच्या पांढऱ्या भिंतीवर सिनेमा दाखवायला लागलो.

पहिला लावला माजिद मजिदींचा इराणी 'चिल्ड्रन ऑफ हेवन', १९९७ चा. बोलणं फारसी, खाली इंग्रजी अक्षरं, बाजूला बसून मी मराठीत सांगायचो. बहिणीचे बूट हरवतात, घरात सांगायची सोय नाही, मग अली आणि झहरा एकच जोड वाटून घेतात. तिची शाळा सकाळी, त्याची दुपारी. ती सुटली की गल्लीबोळातून पळत येते, बूट काढते, ते घालून हा पळतो. इथपर्यंत आलो आणि माझं काम संपलं, कारण लेकरंच एकमेकांना सांगायलेत! शेवटी अली शर्यतीत पहिला येतो आणि रडतो. बूट तिसऱ्या नंबराला होते. मी बघितलं तर पाचवीतली एक पोरगी शांत बसलेली. म्हणाली, "सर, त्याला कुणीतरी सांगा की, बापानं सायकलीवर नवे बूट आणलेत." तो शॉट डोळ्यासमोरून चटकन निघून जातो. तिनं तो धरला होता.

माझी तेव्हापासून खात्री आहे, या लेकरांना 'बालचित्रपट' म्हणून जे उड्या मारणारं, चकचकीत काही मिळतं ते पुरत नाही. त्यांना काम दिसलं पाहिजे. कष्ट करणारं माणूस पडद्यावर मधोमध दिसलं पाहिजे, कोपऱ्यात कींव करायला ठेवलेलं नको.

तुम्हाला स्वतःला गवसलेला, मनात घर करून राहिलेला आशियाई सिनेमा सांगा. यादी नको. एखादाच सांगा, पण का ते सांगा.

मांजराकाठची

गुरुजी, कानेतो शिन्दो यांचा जपानी 'नेकेड आयलंड', १९६०. पुढच्या वर्षी मॉस्कोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. संवाद जवळपास नाहीतच, तेव्हा सांगत बसायचीही गरज नाही.

उजाड बेटावर एकच घर: नवरा, बायको, दोन पोरं. बेटावर गोडं पाणी नाही. नवरा-बायको होडीनं पलीकडून पाणी आणतात, कावड खांद्यावर घेऊन चढ चढतात आणि एकेका रोपाच्या बुडाशी घालतात. मी लातूरची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेली. हा सिनेमा बघताना माझा खांदा दुखतो. त्या बाईचं चालणं बघा. पावलागणिक कावड लवते, ती पाय टाकायच्या आधी जागा चाचपते, बादलीतलं पाणी काठापर्यंत येतं आणि सांडत नाही. शिन्दो घाई करत नाहीत. चढ लांब आहे ना, मग तुम्हीही तो चढा.

एकदा तिचा पाय घसरतो, बादली कलंडते. नवरा येऊन थोबाडीत मारतो आणि दोघं परत कामाला लागतात. पुढं थोरला पोरगा आजारात जातो. त्याला माती दिल्यावर पाणी घालता घालता ती बादली उपडी करते, रोपं उपटते, जमिनीवर पडून आक्रोश करते. नवरा नुसता बघत उभा. मग ती उठते आणि पुन्हा पाणी घालायला लागते.

आपल्याकडं प्रेरणा म्हटलं की व्यासपीठ आणि भाषण. मला बळ मिळालं ते या न बोलणाऱ्या बाईकडून.

गोदाकाठचा

ताई, सिनेमा थोर आहे, वादच नाही. पण आई मार खाते, भाऊ मरतो, हे बघून वसतिगृहातल्या लेकरांनी रात्री झोपायचं कसं? त्यांची आई आत्ता फडात पाचटावर बसलेली असेल. टोळ्या माघारी आल्यावर आई-बापांना शेजारी बसवून दाखवा.

लेकरांसाठी माझा एकच आग्रह: झांग यिमौ यांचा चिनी 'नॉट वन लेस', १९९९. त्या साली व्हेनिसला सुवर्णसिंह मिळवलेला. खेड्यातल्या शाळेचे गुरुजी महिनाभर सुट्टीवर जातात, त्यांच्या जागी तेरा वर्षांची पोरगी येते. खडूसुद्धा मोजून दिलेले. एकही पोरगं शाळेतून कमी झालं नाही तर जादा पैसे, अशी बोली. आणि वर्गातलं सगळ्यात द्वाड पोरगं घरचं कर्ज फेडायला शहरात कामाला जातं. त्याला आणायला तिला गाडीभाडं पाहिजे, म्हणून ती अख्खा वर्ग वीटभट्टीवर नेते. किती विटा उचलल्या की किती पैसे, भाडं किती, मग विटा किती लागतील? फळ्यावर ज्यांना गणित येत नव्हतं ते सगळे हिशोबाला भिडतात. यातली माणसं व्यावसायिक नट नाहीत. आपल्या भागातली किती कुटुंबं भट्टीवर जातात हे तुम्हाला मी काय सांगू.

धाराशिवहून

आजीपाशी राहणाऱ्यांसाठी 'द वे होम'. कोरियन, २००२, दिग्दर्शिका ली जोंग-ह्यांग. सेऊलचं हट्टी पोर खेड्यात मुक्या आजीकडं राहायला येतं. त्याला पाहिजे दुकानातलं तळलेलं चिकन, आजी कोंबडी आणून उकडून घालते, पोर थयथयाट करतं. निघायच्या आदल्या रात्री तेच पोर आजीच्या सगळ्या सुयांत दोरा ओवून ठेवतं, कारण तिला दिसत नाही. आजीचं काम करणाऱ्या बाईंनी त्याआधी कधी अभिनय केला नव्हता. आज्यांनाही बोलवा गुरुजी, त्यांना खुर्च्या ठेवा.

केजचे गुरुजी

मनापासून आभार. येत्या शनिवारी 'द वे होम', आज्यांसकट. त्याच्या पुढच्याला 'नॉट वन लेस'. त्यातलं विटांचं गणित मध्येच सिनेमा थांबवून फळ्यावर घेणार, चौथीच्या पोरांकडूनच सोडवून.

मांजराकाठच्या ताई, तुमचा सिनेमा एप्रिलसाठी ठेवतो, टोळ्या आल्यावर, पारावर. थोबाडीत मारण्याचा प्रसंग गाळणार नाही. आमच्या बाया कोयत्याचं अर्धं काम करतात, पण उचल, म्हणजे आगाऊ मिळणारी मजुरी, नवऱ्याच्या नावावर असते आणि पाणी सांडलं तर बोलणी मात्र त्यांना. तो प्रसंग झाला की दिवा लावून पुरुषांना बोलतं करायचंय. तुम्ही लातूरहून आलात तर बाया तुमच्याशी जास्त मोकळ्या बोलतील. राहायची सोय आमच्या घरी. तेवढं तारखेचं कळवा.