सेवापुस्तकात न सापडलेली आई (अनुभव धागा)

आई जाऊन वर्ष होत आलं. मागच्या महिन्यात गावी गेले तेव्हा तिची लोखंडी पेटी उघडली, वर साड्या आणि तळाशी तिचं सेवापुस्तक. १९७० ला जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली ती २००८ ला ५८ पूर्ण झाल्यावर सुटली, ३८ वर्षं, आणि ती सगळी त्या पिवळ्या पुस्तकात बसवलेली. वेतनवाढ, बदली, अर्जित रजा, परत बदली. माझा जन्मही सापडला. 'प्रसूती रजा, ९० दिवस.' मुलगा का मुलगी तेही नाही :)

पण माण तालुक्यातल्या आमच्या गावाला ती यातल्या एकाही नोंदीने आठवत नाही. १९७२ च्या दुष्काळात ती बावीस वर्षांची, नोकरीत नवीच. गावातल्या बाया सकाळीच दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या, मग घरातल्या मुली शाळेत येईनात कारण धाकटी भावंडं कोण सांभाळणार. आईने सांगून टाकलं, घेऊन या भावंडांना. दुपारी शाळेत सुकडी (दुष्काळात वाटायचा तो कोरडा पौष्टिक खाऊ) वाटायचे तीही त्यांच्या तोंडी पडेल. मग वर्गात मागे गोधडीवर पाचसहा तान्ही, एक रडलं की सगळी सुरू, आणि पुढे पाढे चालूच. तपासणीला साहेब आले नि विचारलं पट किती, तर म्हणाली कागदावर ३१, वर्गात ३७. हे तिने मला कधी सांगितलं नाही बरं का. बाराव्याला एक मावशी आल्या होत्या त्यांनी सांगितलं, त्या त्याच वर्गात भावाला मांडीवर घेऊन बेरजा शिकल्या.

तर तुमची आई, आजी, सासू किंवा लहानपणच्या बाई खेड्यात शिकवत असतील तर सेवापुस्तकात नसलेलं काहीतरी लिहा. 'खूप प्रेमळ होती' एवढ्यावर सोडू नका, काय केलं ते सांगा.

घरी_आई_शाळेत_बाई
माझा अनुभव छोटा आणि दुखरा आहे. पहिली ते चौथी आईच्याच वर्गात होतो. घरातून निघताना आई, शाळेच्या पायरीवर पाय ठेवला की बाई. चुकून 'आई' म्हणालो तर सगळा वर्ग हसायचा आणि ती ऐकलंच नाही असं दाखवायची. दुसऱ्या कुणाला एक छडी तर मला दोन, कारण लोक म्हणतील पोराला सोडते. चौथीत पहिला आलो असतो, पेपर तिनेच तपासला, दोन मार्क कापले 'अक्षर' म्हणून. आज पन्नाशी आली तरी ते दोन मार्क मी सोडलेले नाहीत.

कोकणवाट
वरचं वाचून हसले, आमच्याकडेही सेम.

माझी आई सिंधुदुर्गात होती. १९९० च्या आसपास साक्षरता मोहीम आली तेव्हा रात्री आमच्या पडवीत वर्ग भरायचा, आठ-दहा बायका, कंदील, कारण लाईट असून नसल्यासारखी. पुस्तिका ठरलेली होती, धडे ठरलेले होते. पण एक आजी पहिल्याच दिवशी म्हणाल्या, बाईनू, माका सही नको, माका एसटीची पाटी वाचूक शिकवा. झालं असं होतं की त्या मालवणला जायच्या ऐवजी देवगडच्या गाडीत बसल्या होत्या आणि कुणाला विचारायची लाज वाटली म्हणून थेट शेवटच्या स्टॉपपर्यंत गेल्या. आईने पुस्तिका बाजूला ठेवली. पुठ्ठ्याचे तुकडे घेतले, त्यावर कणकवली, मालवण, देवगड, कुडाळ असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि महिनाभर तेच. मालवणात म ला काना, कुडाळात कु, असं करत करत त्या बायकांची निम्मी बाराखडी एसटीच्या पाट्यांवरून झाली. वरून तपासायला आलेल्यांना धडा क्रमांक दाखवता आला नाही त्यामुळे आईला थोडं ऐकून घ्यावं लागलं.

त्या आजींनी नंतर सहीसुद्धा शिकून घेतली, पण खूप उशिरा, नातवाच्या लग्नपत्रिकेवर आपलं नाव दिसल्यावर.

एकजून
मी मुलगा नाही, विद्यार्थी. माझी जन्मतारीख १ जून. आमच्या वर्गातल्या एकोणीस जणांची १ जून. ज्यांना खेडं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आईबापाला तारीख माहीतच नसायची, 'मोठा पाऊस झाला त्या साली' नाहीतर 'थोरल्या म्हशीच्या वेताला' असलं काहीतरी सांगायचे, आणि शाळा जूनला उघडणार, वय तर बसलं पाहिजे, मग बाई दाखलखारीज रजिस्टरात (शाळेत नाव घातल्या-काढल्याची नोंदवही) १ जून टाकून मोकळ्या. त्यामुळे नोकरीत असलेले आम्ही सगळे मे अखेरीला एकदमच रिटायर होतोय, तो भाग वेगळा.

आमच्या बाई रिटायर होऊन गावातच राहिल्या. दर १ जूनला आम्ही जमेल तेवढे जण त्यांच्याकडे जायचो. त्या दारातच म्हणायच्या, "आले का सगळे? एकाच दिवशी एकोणीस जणांना जन्म दिलाय मी, पाणी तरी द्या कुणी उठून."

लामजन्याकडचा
किल्लारीच्या भूकंपाबद्दल लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं त्यामुळे लोक दमून गाढ झोपलेले. आमचं घर पडलं पण माणसं वाचली. आम्हा भावंडांना वडिलांनी दोन दिवसांत आजोळी नेऊन टाकलं. आई आली नाही.

ती काय करत होती ते मला खूप वर्षांनी कळलं. शाळेची एक खोली अर्धी उभी होती, त्यातून तिने दोन जणांना धरून कपाट बाहेर काढलं, दाखलखारीज रजिस्टर आणि हजेरीपट त्यात होते. लोकांची कागदं ढिगाऱ्याखाली. मदतीसाठी, पुनर्वसनासाठी जो तो विचारतोय पुरावा काय, घरात माणसं किती, पोरगं कुणाचं. पुष्कळ घरांच्या बाबतीत हातात उरलेला कागद म्हणजे शाळेचं रजिस्टर. ती पत्र्याच्या शेडमध्ये बसून दाखले लिहायची, सकाळी सुरू करायची ते अंधार पडेपर्यंत, आणि ज्या पोराचं नाव रजिस्टरात आहे पण पोरगं नाही, तिथे आलेल्या माणसाला ती आधी बसवायची, मग लिहायची.

तेव्हा भारतीय जैन संघटनेने आमच्या भागातली १२०० मुलं पुण्याला शिकायला नेली. आईबाप घाबरायचे, एवढं सगळं गेलं आता उरलेलं पोरगंही द्यायचं का. आई घरोघर (घर म्हणजे शेडच) जाऊन समजावायची. एका आजोबांनी तिला विचारलं होतं, बाई तुमची लेकरं कुठायत? ती म्हणाली, मी पण आईकडं धाडलीत. ते आजोबा तयार झाले. मी मात्र त्या वर्षी दिवाळीत आजोळी तिच्याशी बोललो नव्हतो, का आली नाहीस म्हणून. मला अकरावं चालू होतं.

स्पष्टच_बोलते
सगळं छान आहे पण एक विरोधी सूर लावते, राग मानू नका. मला 'समाजसेवेची आवड' हा शब्द आईबद्दल ऐकला की डोकं फिरतं. जनगणना बाईंना, निवडणूक ड्युटी बाईंना, रविवारी पल्स पोलिओ, ग्रामस्वच्छता अभियानात हातात झाडू घेऊन सगळ्यात पुढे बाईच, आणि गुरुजी लोक खुर्च्या लावून पाहुण्यांची वाट बघणार. त्यातलं निम्मं हुकमाचं होतं आणि निम्मं 'बाई नाही म्हणत नाहीत' म्हणून. धाकटा भाऊ सहा महिन्यांचा होता तेव्हा तिला निवडणुकीला शेजारच्या तालुक्यात दोन दिवस पाठवलं, अर्ज करूनही ड्युटी रद्द झाली नाही, अंगावरचं दूध तटतटून तिला ताप भरला होता आणि इकडे आजी वाटीचमच्याने गाईचं दूध पाजत होती. आम्हाला वाढवलं ते आजीने. आजीचं तर सेवापुस्तकही नाही.

तरीही लिहितेच. पोलिओच्या डोसाला ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर (पाचटाच्या झोपड्या) जायचं कुणी नाव घेत नसे, कारण लोक पहाटे फडात, मुलं कुठे असतील पत्ता नाही. ती पहाटे चारला जायची, बैलगाड्या जुंपत असताना. ते कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आवड असणारच थोडी. पण चिडही होती, ती पण लिहा ना कुणीतरी.

धागाकर्ती
@स्पष्टच_बोलते, राग कसला. आईच्या सेवापुस्तकात एका वर्षी सलग अकरा दिवस बिनपगारी रजा आहे, कारण लिहिलेलं नाही. मामाला विचारलं तर म्हणाला, बदलीवर चिडून माहेरी येऊन बसली होती, रोज म्हणायची राजीनामा देते. बाराव्या दिवशी स्वतःच एसटी पकडून गेली. का गेलीस विचारलं तर म्हणे, चौथीच्या स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचे राहिलेत.

@लामजन्याकडचा, नंतर बोललात ना तिच्याशी?

लामजन्याकडचा
हो. बोललो. पण त्याबद्दल नाही.

सांगोलेकर_सून
माझ्या सासूबाई शिक्षिका होत्या, आता ७९ च्या आहेत, कान शाबूत आणि जीभ त्याहून. काल रात्री अख्खा धागा वाचून दाखवला. भूकंपाच्या वेळी डोळे पुसले, एक जूनला खूप हसल्या (माझ्या नवऱ्याची पण तीच तारीख, लावणाऱ्या याच). मग म्हणाल्या, ते पहिलं परत वाच. वाचलं. तर म्हणतात, सुकडी शाळेत कुठली, आमच्याकडं कामावर मिळायची, दुपारच्या सुट्टीत पोरं रांगेत उभी राहायला तिकडं पळायची आणि वर्ग रिकामा व्हायचा, मी शेवटी वर्गच उचलून कामाच्या बाजूला लिंबाखाली नेला. आणि मिलोचं (दुष्काळात बाहेरून आलेली लाल ज्वारी) कुणी काहीच लिहिलं नाही म्हणून नाराज आहेत, ती लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही ते लिही म्हणाल्या. लिंबाखालचा फळा कशाला टांगला होता हे विचारलं तर म्हणे खडीच्या ढिगाला टेकवून ठेवायचे, आणि ढीग मोजणीला गेला की फळा पडायचा.

अजून सांगतायत. भाजी फोडणीला टाकून येते, मग पुढचं लिहिते.