आपला क्लब सोडून गेलेले खेळाडू: राग, माया की दोन्ही? तुमचे अनुभव सांगा

फुटबॉलची ट्रान्सफर विंडो (क्लबांनी खेळाडू घ्यायचे-द्यायचे ठराविक दिवस) आली की दरवेळी तेच होतं. आपला कोणीतरी जातो आणि मग तो समोरच्या जर्सीत दिसला की नक्की काय वाटून घ्यायचं तेच कळत नाही. तोंडात शिव्या पण येतात आणि त्याच्या पायात बॉल आला की जुन्या सवयीने आपण सरसावून पण बसतो. तर मंडळी, तुमच्या क्लबमधून गेलेल्या कोणाबद्दल असं वाटतं आणि का, मोकळेपणाने लिहा.

सुरुवात मीच करतो, मी आर्सेनलचा. आमचा स्ट्रायकर व्हॅन पर्सी. आठ वर्षं आमच्याकडे, त्यातली कितीतरी दुखापतीत गेली, आम्ही वाट बघत राहिलो आणि 2011-12 ला एकदाचा पूर्ण सीझन फिट राहिला तर लीगमध्ये 30 गोल! आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या कट्टर वैऱ्याला, मँचेस्टर युनायटेडला गेला. युनायटेडला, दुसरीकडे कुठे पण नाही. 2013 च्या एप्रिलमध्ये त्याच्या हॅटट्रिकवर त्यांनी लीग जिंकली आणि लगेच पुढची मॅच आमच्याच मैदानावर, म्हणजे चॅम्पियन टीमला मान द्यायच्या प्रथेप्रमाणे आमची पोरं दोन रांगा करून टाळ्या वाजवत उभी आणि मधून तो चालत येतोय. वर पेनल्टी पण मारली त्याने, 1-1. ते दृश्य मला आजही बघवत नाही. पण डाव्या पायाची ती व्हॉली कुठे लागली की चॅनल बदलत पण नाही मी.

*

लिव्हरपूल. आमच्याकडे तर यादीच आहे. आमचा स्ट्रायकर टोरेस 31 जानेवारी 2011 ला, विंडो बंद व्हायच्या दिवशी, चेल्सीला गेला, 5 कोटी पाउंड. आठवडाभरात त्याची पहिली मॅच आमच्याशीच होती आणि आम्ही 1-0 ने जिंकलो, त्या दिवशी झालेला आनंद जरा वेगळाच होता, खरं सांगते. पण 2015 ला आमच्या कॅप्टन जेरार्डच्या चॅरिटी मॅचला तो आमच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर आला तेव्हा सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत होतं आणि मी पण घरी बसून वाजवल्या. चार वर्षांत राग निघून गेला.

ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डचं मात्र तसं होईल असं वाटत नाही. तो परदेशातून आलेला स्ट्रायकर नव्हता हो, याच शहरातला, लहानपणापासून आमच्या अकॅडमीतला. 2019 ला बार्सिलोनाविरुद्ध कॉर्नरपासून लांब जायला लागला होता, मग झटकन वळून बॉल आत मारला आणि ओरिगीने गोल केला, ती दोन-तीन सेकंदं मी हजारदा बघितली असतील. तोच करार संपवून रिअल माद्रिदला निघाला. मे 2025 ला आर्सेनलच्या मॅचमध्ये तो सब (बदली खेळाडू) म्हणून आला तेव्हा अ‍ॅनफिल्डवर हुर्यो उडवली लोकांनी. मला ते आवडलं नाही, वीस वर्षं क्लबला दिलेल्या पोराला असं करतात का? पण जे ओरडत होते त्यांचं दुःख पण मला समजतं, घरचा माणूस गेला की जास्त लागतं.

*

चेल्सी फॅन. लॅम्पार्ड, 211 गोल. आमच्याकडून मँचेस्टर सिटीला गेला. सप्टेंबर 2014, सिटीच्या मैदानावर आम्ही 1-0 ने पुढे, एकाला रेड कार्ड मिळून त्यांचे दहाच जण, आणि 85व्या मिनिटाला इक्वलायझर कोण मारतं तर हा. सेलिब्रेट केलं नाही, चेहराच पडला होता त्याचा. आणि आमच्या सपोर्टर्सनी त्याच्या नावाचं गाणं म्हटलं. दोन पॉइंट गेले तरी मी चिडलो नाही त्याच्यावर. क्लबने नवा करार दिला नाही म्हणून तो गेला होता, हा फरक मला फार मोठा वाटतो.

*

जर्मनीतला डॉर्टमुंड. आमचा गोत्झे कट्टर प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिकला चालला ही बातमी कधी बाहेर यावी? 2013 ला, रिअलविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग सेमीफायनलच्या आदल्या दिवशी. त्या मॅचला आमच्या स्ट्रायकरने, लेवांडोव्स्कीने चार गोल मारले म्हणून सावरलो. लेवांडोव्स्की पण पुढच्या वर्षी बायर्नलाच गेला, तेही फुकटात (करार संपल्यामुळे आम्हाला पैसे न मिळता), पण शेवटच्या दिवसापर्यंत जीव तोडून खेळला त्यामुळे त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. गोत्झे मात्र आमच्यातच लहानाचा मोठा झालेला. त्याच नोव्हेंबरमध्ये आमच्या मैदानावर सब म्हणून आला आणि गोल केला, जल्लोष नाही केला, पण तेवढ्याने काय होतंय. पुढे 2014 च्या वर्ल्ड कप फायनलला जर्मनीसाठी 113व्या मिनिटाला छातीवर घेऊन मारलेला तो गोल, तेव्हा मी उडीच मारली आणि आपलाच आहे असं वाटून गेलं. 2016 ला परत आला. स्वागत करावंसं वाटत होतं आणि नव्हतं पण, सुरुवातीला त्याचं नाव घ्यायलाच जड जायचं.

*

इटलीतल्या फिओरेंटिनाचे फॅन इथे कमी असतील पण आमचा स्ट्रायकर बातिस्तुता सांगायलाच हवा. 1993 ला क्लब खालच्या डिव्हिजनला गेला तरी तो थांबला, वर घेऊन आला. मग 2000 ला रोमाला गेला आणि आमच्याविरुद्ध गोल मारून रडला. अशा माणसावर राग धरायचा तरी कसा?

*

बार्सा (बार्सिलोना). फिगो थेट आमच्या कट्टर वैऱ्याला, रिअलला गेला, त्याला माफ नाही, विषय संपला. मेस्सीचं उलट, 2021 ला तो रडत गेला आणि राग आला तो क्लबचे पैसे उडवणाऱ्यांचा. तरी पॅरिसच्या पीएसजी क्लबच्या जर्सीतल्या त्याच्या मॅचेस मी टाळल्याच.

*

युनायटेड, रोनाल्डो. 2013 ला रिअलकडून ओल्ड ट्रॅफर्डवर गोल मारून जल्लोष न करता नुसते हात वर केले, आपण स्पर्धेतून बाहेर गेलो तरी अभिमान वाटला होता. 2021 ला परत आला तेव्हा झोप नाही लागली. आणि 2022 नोव्हेंबरची ती मुलाखत, क्लबबद्दल जे बोलला ते, आणि करारच संपला. माझ्या धाकट्या भावाने त्याला फक्त या दुसऱ्या खेपेला पाहिलंय. मी भावाला 2008 च्या मॉस्कोतल्या चॅम्पियन्स लीग फायनलचा रोनाल्डोचा हेडर दाखवतो, तो बघतो, भारी आहे म्हणतो, आणि वर म्हणतो गेला कसा ते पण बघ ना. यावरून आमचं अजून भांडण होतं.