घरच्यांसोबत 'डार्क' बघायची आहे, नाती कागदावर कशी मांडू?

पाचपाखाडीकर

नेटफ्लिक्सवरची 'डार्क' ही काळात मागे-पुढे जाणाऱ्या माणसांची जर्मन मालिका घरी टीव्हीवर बघायचं ठरलंय. आई, बाबा, मावशी आणि मी, दर शनिवारी रात्री दोन भाग. पहिला सीझन १० भागांचा, पुढचे दोन ८-८ चे, म्हणजे १३ शनिवार. अडचण अशी की कोण कुणाचं कोण हे कळल्याशिवाय मावशी पुढे सरकत नाही, आणि आठवडाभराच्या खंडात चार घरांची नावं कुणाच्याच लक्षात राहणार नाहीत. नेटवर तयार वंशवृक्ष ढिगाने आहेत. ते आधी दाखवले तर मजा जाईल का? स्वतः मांडायचं तर सुरुवात कुठून? ऑडिओ कुठला ठेवावा? आणि तिसऱ्या सीझनबद्दल मतं फार टोकाची दिसतात, तो बघावा की दुसऱ्यावर थांबावं?

ऐरोली_नाका

तयार वंशवृक्ष उघडूच नका. इतर मालिकांत खुनी कोण हे लपवतात, इथे नातं लपवलंय. पूर्ण झाड आधी बघणं म्हणजे शेवटचं पान आधी वाचणं.

चित्रकलेचा मोठा कागद आडवा घ्या, चार उभे रकाने पाडा: कानवाल्ड, निल्सेन, डॉपलर, टीडेमान. सगळं पेन्सिलने. २०१९ साली जी माणसं आहेत किंवा ज्यांचं नाव निघतं तेवढीच आधी लिहा. कानवाल्डमध्ये चार: योनास, आई हाना, वडील मिखाएल, आजी इनेस. निल्सेन आठ: उलरिश, बायको कातारिना, मुलं मागनुस, मार्था, मिकेल, उलरिशचे आईवडील याना आणि ट्रोंटे, आणि १९८६ मध्ये हरवलेला भाऊ माड्स. डॉपलर पाच: पीटर, शार्लोट, मुली फ्रान्सिस्का आणि एलिझाबेथ, पीटरचे वडील हेल्गे. टीडेमान तीन: रेगिना, आलेक्सांडर, मुलगा बार्टोश. एकूण वीस. तिसऱ्या भागात १९८६ उघडतं तेव्हा रेगिनाची आई क्लाउडिया आणि आजोबा एगॉन येतील, आठव्यात १९५३ आलं की ट्रोंटेची आई आग्नेस.

सगळ्यात महत्त्वाचं, रिकाम्या जागा रिकाम्याच ठेवा. शार्लोटचे आईवडील कोण, रेगिनाचा बाप कोण, ट्रोंटेचा बाप कोण. लोक इथे अंदाजाने नाव भरतात आणि मग पुढचे आठ भाग त्या चुकीवर भांडतात. तिथे नुसता चौकोन काढा. शार्लोट आणि एलिझाबेथ यांच्या नावांमध्ये मात्र आधीच चार बोटं जागा सोडा. का ते विचारू नका.

खाडीपलीकडची

ऐरोली_नाका यांची पद्धत चांगली आहे, पण माझ्या मते ती पहिल्या पाच भागांनंतर अपुरी पडते. प्रेक्षक अडकतो तो नात्यापाशी कमी आणि चेहऱ्यापाशी जास्त. एकाच माणसाला वयाप्रमाणे दोन-तीन नट आहेत, आणि १९५३ मधली शाळकरी पोरगी १९८६ मध्ये अणुऊर्जा केंद्राची साहेब होते. म्हणून वंशावळीखाली तीन आडव्या पट्ट्या आखा, १९५३, १९८६, २०१९, दर ३३ वर्षांनी एक. प्रत्येक नावाखाली ते कुठल्या पट्टीत दिसलं तिथे टिंब द्या. दुसऱ्या सीझनमध्ये वर्षं एकाने पुढे सरकतात (१९५४, १९८७, २०२०) आणि दोन्ही टोकांना १९२१ आणि २०५३ जोडली जातात, म्हणून वर-खाली एकेक पट्टी मोकळी ठेवा.

चेहरे ओळखायला खुणा दिल्या आहेत, त्या टिंबाशेजारी लिहा. क्लाउडियाचे दोन डोळे दोन रंगांचे आहेत, कुठल्याही वयात. हेल्गेचा कान आणि गालाची बाजू बघा. एलिझाबेथला ऐकू येत नाही, ती हातांच्या खुणांनी बोलते, त्यामुळे तिच्या प्रसंगात मान खाली घालून चिवडा खाल्लात तर संवाद गेला.

दुसरी घोळाची जागा म्हणजे हरवलेली मुलं. माड्स १९८६ मधला. एरिक, मिकेल, यासिन हे २०१९ मधले. कोपऱ्यात चार ओळींचा वेगळा तक्ता करा: नाव, कधी हरवला, प्रेत कुठल्या साली सापडलं. हे मनात ठेवायला गेलात तर पहिल्या भागाच्या शेवटी सापडलेलं प्रेत कुणाचं यावरच घोळ होईल.

रात्रपाळी

नात्यांचं वर झालंय, मी टीव्हीचं सांगतो.

ऑडिओ मूळ जर्मन ठेवा, सबटायटल इंग्रजी. ॲप बहुतेक वेळा आपणहून इंग्रजी डब लावतं, पहिल्याच मिनिटाला तपासा. सबटायटलमध्ये अक्षर 'जे' दिसतं पण कानावर 'य' येतो, म्हणून कागदावर योनास, याना असंच लिहा, जोनास लिहिलंत की घरातली अर्धी माणसं दोन वेगळी पात्रं समजतात. सबटायटलचा आकार टीव्हीवर नाही जमला तर ब्राउझरमध्ये अकाउंट उघडून प्रोफाइलखाली सबटायटलचं स्वरूप बदला. ज्येष्ठांसाठी मोठा फाँट आणि मागे काळी पट्टी.

चित्र मुळातच काळोखं आहे, निम्मी गोष्ट गुहेत, जंगलात आणि पावसात. टीव्हीचा इको किंवा वीजबचत मोड बंद करा, तो अंधारी दृश्यं आणखी दाबतो. सोफ्यामागची ट्यूब विझवा, तिचं प्रतिबिंब बरोबर पडद्याच्या मध्यावर पडतं. फोनवर, लोकलमध्ये तर बघूच नका. ठाणे-वाशी अर्ध्या तासात संपते, भाग संपत नाही, आणि पहिल्या सीझनमध्ये गाण्यावर जुने-नवे चेहरे शेजारी शेजारी दाखवतात तेच नेमकं राहून जातं.

मावशी-बाबा सोबत आहेत म्हणून एक सूचना: पहिल्या काही मिनिटांतच गळफास आहे, आणि त्याच भागात विवाहबाह्य संबंधाचा उघड प्रसंग. रिमोट कुणाच्या हातात हे आधी ठरवा.

ऐरोली_नाका

पाचवा भाग झाल्याशिवाय पुढचं वाचू नका, रहस्य फुटेल.

मिखाएलचं पाकीट ४ नोव्हेंबर, रात्री १०:१३ च्या आधी उघडायचं नाही असं त्यावर लिहिलेलं असतं. ते पत्र वाचून झालं की कानवाल्ड रकान्यातल्या मिखाएलपासून निल्सेन रकान्यातल्या मिकेलपर्यंत लांब रेघ ओढा, कारण दोघं एकच: हरवलेला मिकेल १९८६ मध्ये जाऊन मोठा होतो तोच मिखाएल. आता मावशींना विचारा, मार्था योनासची कोण? इंग्रजी सबटायटल 'आंट' म्हणून मोकळं होतं. मराठीत आत्या! ज्या मुलीच्या मागे पोरगा फिरतोय ती त्याची सख्खी आत्या. हानाच्या बाजूने बघा: मार्था तिची नणंद, आणि ज्या उलरिशसाठी ती वेडी झालीय तो तिचा सासरा. मराठी प्रेक्षकाला धक्का जास्त बसतो तो याचमुळे, आपल्याकडे प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे आणि त्या शब्दाबरोबर वागायची रीतही येते.

खाडीपलीकडची

तिसऱ्या सीझनबद्दल. दुसऱ्यावर थांबू नका, त्याचा शेवट नुसता दार उघडून सोडतो. तक्रार करणाऱ्यांचंही खरं आहे: दुसरं जग आलं की तीच नावं, तेच चेहरे, लग्नं वेगळी, आणि पहिले दोन-तीन भाग आपण कुठल्या जगात आहोत हेच कळत नाही. घरांची आतली मांडणी डावी-उजवी उलटलेली असते, आणि तिकडच्या मार्थाच्या कपाळावर केस कापलेले आहेत. तेवढ्या दोन खुणा पुरतात. मला स्वतःला शेवटच्या कोड्यापेक्षा दुसऱ्या सीझनमधला म्हातारा उलरिश मोठा वाटतो. ३३ वर्षं कोंडलेला बाप, आणि समोर मुलगा अजून शाळकरीच. त्या भागानंतर दुसरा भाग लगेच लावू नका, चहा ठेवा.

पाचपाखाडीकर

आभार. मग दुसऱ्या जगासाठी नवा कागद घेऊ का?

ऐरोली_नाका

नको. तोच कागद उलटा करून खिडकीच्या काचेला लावा आणि मागून दिसणाऱ्या रेघा गिरवा, रकाने आपोआप उलटे येतात. योनासचं नाव तेवढं गिरवू नका.