दिवाळीत घर बंद करून कोकणात निघताना

दिवाळीची सुट्टी लागली की कोल्हापुरातून गाड्या मालवण-तारकर्लीकडं सुटतात आणि घराला चार-पाच दिवस कुलूप लागतं. घर, फोन आणि रस्ता, तिन्हींची काळजी एकदमच घ्यावी लागते. ज्यांचं रोजचं काम यातलं आहे त्यांनी लिहावं. किस्से नकोत, काय करायचं, कसं करायचं आणि कुठं चुकतं तेवढं सांगा.

सुतारकाम, शिवाजी पेठ

चोर कुलूप फोडत बसत नाही, कोयंडा उचकटतो. कुलूप महागातलं आणते मंडळी, पण कोयंडा जुनाच, अर्ध्या इंची स्क्रूवर बसवलेला. कटावणी घातली की स्क्रू लाकडाच्या भुशासकट बाहेर येतात. तिथं आरपार बोल्ट हवा: बाहेर गोल डोकं, आत वायसर आणि नट. कडी लागल्यावर बोल्टची डोकी तिच्याखाली झाकली गेली पाहिजेत. कुलपाची दांडी आणि कोयंडा यांच्यामधल्या फटीत बोट जात असेल तर कटावणीही जाते, मग आखूड दांडीचं कुलूप घ्या.

पेठांतल्या जुन्या घरांना दोन फळ्यांचं दार असतं. कुलूप चालत्या फळीला, दुसरी नुसती वरच्या-खालच्या खिट्टीवर उभी. खालच्या भोकात वर्षानुवर्षं सारवण, रंग, धूळ बसते आणि खिट्टी जेमतेम पाव इंच आत जाते. मग खांद्याचा एक रेटा बसला की दोन्ही फळ्या एकदम उघडतात, कुलूप तसंच लटकत राहतं. भोक खिळ्यानं उकरून साफ करा, खिट्टी इंचभर आत गेली पाहिजे. परसदारी आतून लाकडी अडसर घाला, तो कुठल्याही कडीपेक्षा खात्रीचा. कुलपात खोबरेल घालू नका, धूळ धरून ते जाम होतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला.

कॅमेरे बसवणारा, राजारामपुरी

सुतारकाकांनी सांगितलेलं कोयंड्याचं काम आधी करा, कॅमेरा त्यानंतर. बहुतेक घरांत डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, टीव्हीखाली दिसेल असा ठेवलेला असतो. घरात शिरलेला माणूस जाताना तोच उचलतो आणि रेकॉर्डिंग त्याच्याबरोबर जातं. माळ्यावर किंवा मागून हवा खेळेल अशा कपाटात ठेवा. राउटरलाही बॅकअप द्या. वीज गेली की डीव्हीआर यूपीएसवर चालू राहतो, पण नेट बंद पडल्यानं फोनवर काहीच दिसत नाही.

पासवर्ड कारखान्यातून आलेलाच राहतो, ही सगळ्यांत मोठी चूक. तो बदला, आणि काम झाल्यावर बसवणाऱ्याच्या फोनवरचं खातं तुमच्यासमोर काढून घ्या. कोणी चांगला कारागीर यावर रागावणार नाही. बेडरूममध्ये कॅमेरा लावूच नका. शेजारच्यांची खिडकी चित्रात येत असेल तर सेटिंगमध्ये तेवढा भाग काळा करता येतो, तो करा. त्यांचाही खासगीपणा आहे.

बँकेत ऑनलाइन तक्रारी बघते

होमस्टेचं बुकिंग करताना ॲडव्हान्स मागतात, नंतर ‘रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणतात. यूपीआय पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी कधीच नाही. *401* किंवा *21* ने सुरू होणारा नंबर कुणी डायल करायला सांगितला तर करू नका, तुमचे कॉल त्याच्याकडं वळतात. वळलेले कॉल ##002# डायल करून बंद होतात.

व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल आली आणि नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते कागद नव्हे, ॲप आहे. ते मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी परस्पर पुढं पाठवतं. चुकून टाकलंच, तर आधी फोन फ्लाइट मोडवर न्या, वायफायही बंद झालंय का ते बघा. मग दुसऱ्याच्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला कळवा. यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, पैसे पुढच्या खात्यात अडवायला तोच लागतो. जितकं लवकर सांगाल तितकं हाती लागतं, म्हणून लाजून थांबू नका, कृपा करून.

लॉजवर आधारची झेरॉक्स देण्याऐवजी मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि समुद्रावरचे फोटो घरी परतल्यावर टाका.

ड्रायव्हर, राधानगरी-फोंडा मार्ग

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा, स्टेपनीचीसुद्धा. फोंडा घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये गाडी उतरवा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर आधी जळका वास येतो, मग पेडल मऊ लागतं आणि खाली जातं; ब्रेकचं ऑइल उकळलेलं असतं. वास आला तेव्हाच रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास तरी. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, डिस्क वाकते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

दाजीपूरच्या जंगलपट्ट्यात रात्री गवा रस्त्यावर येतो. अंग काळं, डांबरही काळं, दिव्यात आधी फक्त डोळे चमकतात आणि पायाचे पांढरे मोजे दिसतात. हॉर्न नको, अप्पर नको. दिवे लोअर करून लांबच थांबा. एक गेला म्हणून लगेच निघू नका, मागून कळप असतो. धुक्यात लोअर बीमच ठेवा. अप्परचा उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो.

ट्रॅक्टरवाला, परिते

गळीत हंगामात रातीचं आमच्या ट्रॉल्या रस्त्यावर असत्यात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. मागं लोंबणाऱ्या उसानं दिवा झाकतोय, हे खरं हाय. मालकांनी मागं लाल रिफ्लेक्टर पट्टी आडवी, आरपार लावा, आणि धूळ रोज फडक्यानं पुसा. चिखल बसला की पट्टी असून नसल्यासारखी. पंक्चर झाली तर दगड लावत्यात आणि तसंच टाकून जात्यात, ते उचला. गाडीवाल्यांनो, ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १७ मीटर जाते. लोअरच्या उजेडात जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबली पाहिजे, एवढाच वेग धरा. समोरच्याचा उजेड डोळ्यांवर आला तर डावीकडची पांढरी पट्टी बघून चालवा.

गॅस शेगड्या दुरुस्त करणारा, कसबा बावडा

निघताना रेग्युलेटर बंद करा, नुसती शेगडी नव्हे. नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षं झाली की बदलायची. परत आल्यावर वास आला तर बटण दाबू नका, चालू असलेला दिवाही बंद करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, म्हणून खिडकीबरोबर दारही सताड उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर येऊनच गॅसगळतीच्या १९०६ या हेल्पलाइनला फोन लावा.