लो-की कृष्णधवल छायाचित्रणासाठी सल्ला हवा आहे (इंदूर)

मूळ प्रश्न

नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहतो आणि छंद म्हणून छायाचित्रे काढतो. गेले काही महिने लो-की प्रकारची कृष्णधवल छायाचित्रे करून पाहतो आहे, म्हणजे ज्यांत चौकटीचा बहुतेक भाग काळोखात राहतो आणि प्रकाश एखाद्या गालावर किंवा बोटांवरच थांबतो. माझ्याकडे क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरचा जुना डीएसएलआर, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आणि ट्रायपॉड आहे. संध्याकाळी आजी देवघरात समई लावून जप करीत बसते, ते छायाचित्र मला मनापासून हवे आहे. कॅमेरा ऑटोवर ठेवला की मागची भिंत, तसबिरी, कालनिर्णय सगळे करडे होऊन पुढे येते आणि एक्स्पोजर (सेन्सरला मिळणारा प्रकाश) उतरवले की आजीचा चेहराही मळकट होतो. फ्लॅश घ्यावा, एलईडी दिवा घ्यावा की जास्त उजेड घेणारी ५० मिमी एफ/१.८ लेन्स? गावात सराव कुठे करावा? खर्चाची मर्यादा दहा हजार रुपये आहे.

प्रतिसाद १

तूर्त काहीही विकत घेऊ नका. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे, आहे असे धरून चालतो; म्हणून अंधारी खोली दाखवली की तो ती उजळ करतो आणि आपला काळा रंग करडा होतो. स्पॉट मीटरिंग (चौकटीच्या एका लहान भागापुरतेच माप) निवडून आजीच्या उजळलेल्या गालावर माप घ्या, गव्हाळ वर्ण असेल तर ते मापच जवळपास योग्य ठरते, आणि मग मॅन्युअलवर तो आकडा कायम ठेवा. लो-की छायाचित्रात उजेडाचा भाग नेमका एक्स्पोज झालेला असतो. हिस्टोग्राम (डावीकडे काळे आणि उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख) डावीकडे दाटलेला असला तरी त्याची एक बारीक शेपटी उजवीकडे गेलेली दिसली पाहिजे. सगळेच डावीकडे साचले असेल तर ते केवळ कमी एक्स्पोज झालेले छायाचित्र आहे.

चेहरा मळकट होण्याचे कारण असे की, चेहऱ्यावर आणि भिंतीवर पडणारा उजेड जवळजवळ सारखाच आहे, त्यामुळे एक्स्पोजर उतरवताना दोन्ही एकदमच बुडतात. येथे अंतर कामाला येते. लहान दिव्याचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: समई आजीपासून दोन फुटांवर आणि समईपासून भिंत आठ फुटांवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या सोळावा हिस्सा प्रकाश मिळतो, म्हणजे पूर्ण चार स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). खोलीतला वरचा दिवा बंद करा, आजींचा पाट भिंतीपासून जितका पुढे घेता येईल तितका घ्या. मात्र त्यांना आपल्या सोयीसाठी अवघडून बसवू नका. पाट हलवण्याआधी त्यांना विचारा.

खिडकी हा मोठा प्रकाशस्रोत असल्यामुळे तिचा उजेड इतक्या झपाट्याने घटत नाही. दिवसा सराव करताना खिडकीचे दार वीतभर फटीपुरतेच उघडे ठेवा, विषय त्या फटीच्या बाजूला बसवा आणि दुसऱ्या बाजूला काळा चार्ट पेपर धरा. पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेड सावलीत शिरतो, तो या काळ्या कागदाने थांबतो. पार्श्वभूमीला काळे सुती कापड बऱ्याचदा राखाडी दिसते. काळी मखमल उजेड जास्त शोषून घेते. माझ्या मते आपल्याला लागणारी खरेदी एवढीच, दोन मीटर मखमल.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. समईविषयी थोडी भर घालतो. ज्योतीच्या प्रकाशात लाल रंग फार असतो, त्यामुळे फाइलमधली लाल वाहिनी (लाल रंगाची वेगळी नोंद) सर्वांत आधी फुटते, म्हणजे तिथला तपशील जातो. कॅमेऱ्यात मोनोक्रोम मोड लावला असेल तर पडद्यावरच्या हिस्टोग्रामवर ते कळतही नाही. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल घ्या आणि अधूनमधून रंगीत मोडवर येऊन लाल आलेख तपासा. घरी कृष्णधवल रूपांतर करताना लाल वाहिनीवर भर दिला की त्वचा नितळ दिसते, निळ्यावर भर दिला की सुरकुत्या उठून येतात. पण समईच्या उजेडात निळी वाहिनी इतकी अशक्त असते की सुरकुत्यांबरोबर दाणेदारपणाही (नॉइज) वर येतो. आजींच्या हातांवरच्या सुरकुत्या हव्या असतील, तर ते छायाचित्र खिडकीपाशी घ्यावे.

पुढे एलईडी घेतलाच तर लक्षात ठेवा की आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास या लुकलुकीचे पट्टे छायाचित्रात येत नाहीत.

प्रतिसाद ३

लेन्सबाबत माझे मत वेगळे आहे. आपल्या लेन्सचे छिद्र ५५ मिमीवर एफ/५.६ पर्यंतच उघडते, एफ/१.८ ची लेन्स त्याहून तीन स्टॉपांपेक्षा जास्त प्रकाश घेते. जप करणारे ओठ आणि माळेवरची बोटे हलत असतात, तेथे ट्रायपॉडचा उपयोग नाही. मर्यादेत बसत असेल तर लेन्स अवश्य घ्या.

सरावासाठी कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांमध्ये (होळकरांच्या स्मारकवास्तूंमध्ये) सकाळी जा. खांबांमधून तिरका उजेड आत येतो आणि एकाच खांबाची घडीव कड तासभर निरखता येते. पुढे नामांकित छायाचित्रकार झालेल्या राजा दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास याच इंदुरात, बांधकाम खात्यातली नोकरी सांभाळून, कॅमेरा हाती घेतला. त्या काळच्या काचेच्या प्लेटा लाल-पिवळ्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असत, म्हणजे आपल्याला हवे असलेले समईचे छायाचित्र तेव्हा अशक्यप्राय होते. हे आठवले की मला जुन्या कॅमेऱ्याचेही मोल वाटते.

मूळ प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे आभार. काल वरचा दिवा बंद करून, पाट पाच फूट पुढे घेऊन, गालावर माप घेऊन पाहिले: आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६००, एफ/५.६, १/१५ सेकंद. भिंत आणि कालनिर्णय दोन्ही नाहीसे झाले, आजीचा गाल, नथ आणि पितळेच्या समईची कड राहिली. बोटे हलली आहेत, त्यामुळे लेन्सचा सल्ला पटला. आजीने पडद्यावर छायाचित्र पाहिले आणि माळ नीट दिसत नाही म्हणाली, म्हणून आज समई वीतभर खाली ठेवून पुन्हा घेणार आहे.