डायमंड पट्टीच घ्या

पानशेतच्या कॅम्पिंगला नेण्यासाठी, चाकूला धार लावायला ‘व्ही आकाराच्या फटीतून ओढायचं शार्पनर घेऊ का’ असं एकाने विचारलंय. माझं मत, नको. त्यातल्या कार्बाइडच्या (अतिकठीण मिश्रधातूच्या) कडा चाकूचं पोलाद अक्षरशः खरवडून काढतात. कांदा लगेच कापला जातो, पण पातं भराभर झिजतं आणि कोनही बदलता येत नाही.

त्यापेक्षा खिशात मावणारी दुहेरी डायमंड पट्टी (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली) बघा, एका बाजूला ४०० च्या आसपास ग्रिट (आकडा जितका मोठा तितके कण बारीक), दुसरीकडे ६०० किंवा बारीक. तेल नको, भिजत घालणं नको, पडली तरी धार लावायच्या दगडासारखी फुटत नाही. पातं पट्टीशी साधारण २० अंशांत धरा. अंदाज येत नसेल तर धारेच्या कडेला मार्कर फिरवा. शाई जिथली जाते तिथेच घासलं जातंय. जोर लावू नका, हिऱ्याचे कण उखडतात. दातेरी पात्याला मात्र धार लावायची निमुळती कांडीच लागते.

घरून नीट धार करून निघालात तर एका रात्रीसाठी चिनी मातीच्या कपाच्या बुडाची झिलई नसलेली कडही पुरते (कप कोण नेतं म्हणा!). पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत चक्कर मारा, पट्टी हातात घेऊन बघा. आणि पावसाळ्यात कार्बन स्टीलचं (सहज गंजणारं) पातं कोरडं करून, खोबरेल लावूनच म्यानात घाला.